मागणीच्या नियमाचा सातवा अपवाद

म्हसळ्याच्या स्टँडवर माझ्यापुढे कॉलेजच्या दोन मुली उभ्या होत्या. हातात अर्थशास्त्राचे नुकतेच मिळालेले पेपर.

"पूनम, मागणीच्या नियमाला अपवाद सहाच आहेत. हा सातवा कुठून आणलास?"

"मैथिलीताईच्या नोट्समधून. 'ऊन उतरायच्या आत अंगणातली सुपारी उचलणे.'"

"अगं बाई! तिची सुपारीची वाडी हाय. लिहिता लिहिता आईने काम सांगितलं असेल, ते तिने तिथंच टिपलं."

"मला काय स्वप्न पडलंय, नूतन? झेरॉक्समध्ये सगळं सारखंच दिसतं."

"डोकं वापरायचं ना जरा."

"सगळ्या वर्गाने लिहिलंय. ऋत्विकने तर आकृतीपण काढली. क्ष अक्षावर ऊन, य अक्षावर सुपारी."

"आणि सरांनी चालवून घेतलं?"

"मला दहापैकी दहा. तुला?"

"नऊ."

"एवढी हुशार तू, मग एक कुठे गेला?"

"थांब, खाली लाल पेनाने काहीतरी लिहिलंय."

"वाच की."

"सरांचं अक्षर लागत नाही गं."

"अगं, वाच ना."

"'सुपारी राहिली.'"