अ‍ॅव्हरेज पडलेली गाडी

आमच्या जुन्या मोटारसायकलचं सांगतो. बायको वारल्यापासून गाडी फार पेट्रोल पिऊ लागली. मुलगा म्हणाला, "विकून टाका आता." मला ती विकायची नव्हती. कळंबच्या रशीद मिस्त्रीनं कार्बोरेटर साफ केला, नवा सायलेन्सर बसवला. आवाज वाढला, अ‍ॅव्हरेज मात्र तेवढंच.

रशीद वैतागला. "सर, आता तर मागं वजन बी न्हाय. पेट्रोल जातंय कुठं?"

मला एकदम आठवलं. "घाटाचा उतार लागला की ही मागून खांद्यावर थाप मारायची. म्हणायची, इंजिन बंद करा, फुकट जाते गाडी."

"मग हे आधी सांगायचं की! मी उगं सायलेन्सर बदलत बसलो."

परतताना येरमाळ्याचा उतार लागला. मी इंजिन बंद केलं. नव्या सायलेन्सरचा आवाज थांबला आणि गाडी आपसूक निघाली.