रिकामी खुंटी

— नाही हो, आत कोणी नाही, सांगितलं ना तुम्हांला. आमचं कुटुंब माहेरी गेलंय, पेणला — प्लेगची साथ सुरू झाली तशी धाडूनच दिलं — आणि मागच्या खोलीत नुसत्या भाताच्या कणग्या नि सरपण, तिथे काय बघणार तुम्ही. बसा. घोंगडी टाकलीय, बसा की. तुमचा तो गोरा साहेब आणि त्याचे शिपाई अजून पलीकडच्या आळीत आहेत, इकडे यायला त्यांना वेळ आहे, आणि तुम्हीही सकाळपासून घरोघरी हिंडून माणसांच्या काखा चाचपताय, दमला असाल. माझी बघितलीत ना? गाठ नाही. अंग गार आहे. झालं तर मग. आता ओटीवर आलाच आहात तर या भिंतीकडे बघा. सगळं कल्याण हसतं मला या भिंतीपायी. कोणी तसबिरी लावतं, कोणी हरणाची शिंगं लावतं, मी कुऱ्हाडी लावल्या.

विचारा, कशाला? नाही विचारत? मीच सांगतो. बंदरावरच्या लाकडाच्या वखारीत कारकुनी केली जन्मभर. रानातून लाकूड यायचं, लाकडाबरोबर माणसं यायची — ठाकूर, कातकरी — आणि त्यांच्या खांद्याला कुऱ्हाडी. पातं झिजून झिजून विड्याच्या पानाएवढं झालं की द्यायचे टाकून वखारीच्या मागं, चिखलात. मला काही ते बघवेना. एक उचलून आणली घरी, आणि तिथून हे वेड लागलं. ही बघा, ही शीळ गावच्या एका म्हाताऱ्याची. मी मागितली तर म्हणतो, भटा, तुला झाड तोडायचंय का मुंडकं? मी म्हटलं, बाबा, तोडायचं काही नाही, हिला चांगली करायचीय. तो जो हसत सुटला — फुकट दिली, म्हणाला, ने, एवढं हसू मला पोर झालं तेव्हापासून आलं नव्हतं. आणि ही माजिवड्याची. तिथला धाकू लोहार वितळवायलाच निघाला होता, भट्टीच्या तोंडातून काढली म्हणा ना. हिचं नेढं बघा, दांडा बसतो ते भोक — चौकोनी आहे. आता असं कोणी घडवत नाही. हातात घ्या. घ्या हो, चावत नाही.

करायचं काय असतं, सांगतो. आधी जुना दांडा ठोकून काढायचा. मग पात्याला चिंचेचा कोळ लावून ठेवायचा आणि राखेनं घासायचं, आपण तांब्याची भांडी घासतो ना, अगदी तसं. गंज सुटतो आणि खालून लोखंड वर येतं, निळसर. मग धावड्याच्या लाकडाचा दांडा तासायचा, त्याला तेल पाजायचं, पाचर मारायची. तासणं माझं. घासणं माझं नव्हे. मी घासलं की ओरखडे उठतात, आमच्या हिचा हात लागला की पातं आरशासारखं होतं. मी एखादं भंगार घेऊन आलो की ही काही बोलत नाही, चिंच भिजत घालते — घालायची. म्हणजे, इथे असते तेव्हा. नवऱ्याच्या हौसेपायी बायकोनं काय काय सोसावं, पण एवढ्या संसारात एकदाही म्हणाली नाही की हे लोखंड घराबाहेर काढा. जरा हळू बोला हं — नाही, तसं काही नाही, मला सवय आहे, मोठा आवाज सोसत नाही.

ती? ती कोपऱ्यातली? हो, ती अर्धीच राहिलीय. एका बाजूनं घासलेली, दुसरीकडं गंज तसाच. जायच्या आधी घेतली होती करायला, मग राहिली. चिंच? ओली दिसतेय? — हवा दमट आहे हो, खाडी जवळ, इथे काही सुकतच नाही. सकाळी जरा हुशारी वाटली म्हणून उठून बसली होती, म्हणाली, द्या इकडं, पडून पडून पाठ अवघडली — कोण? मी. मलाच कणकण होती जरा, मीच घासत बसलो होतो. आता नाही, तुम्हीच हात लावून बघितलंत की. राहू द्या ती, अपुरं काम काय बघायचं. इकडे बघा, ही खरी गंमत.

प्रत्येक कुऱ्हाडीमागं भिंतीवर गेरूनं तिचा आकार काढलाय. ही माझी शिस्त. खाली काढली, तेलाचा हात फिरवला, की जिथली तिथं. दुसरी कुठलीही त्या खुंटीवर बसायची नाही, आकार लगेच बोलतो. उसनी तर मी सख्ख्या भावाला देणार नाही. शेजारच्या महिपतरावांनी मुंजीच्या स्वयंपाकाची लाकडं फोडायला एक मागितली, नाही दिली, अजून आमच्याशी अबोला धरलाय त्यांनी. धरू देत. पण ही भिंत कधी मोकळी दिसायची नाही तुम्हांला, अडल्यानडल्यालासुद्धा —

हो.

ती खुंटी रिकामी आहे. आकार आहे, कुऱ्हाड नाही. बरोबर बघितलंत. ती — धार लावायला दिलीय. नाही, धार मीच लावतो. कोणी उसनी — नाही, आत्ताच म्हटलं मी, देत नाही. थांबा. उठू नका, बसा जरा. सांगतो.

तुम्ही आपलेच आहात. बाळंतिणीच्या उशाला विळा ठेवलेला बघितलाय ना तुम्ही, तुमच्या आईनंही ठेवला असेल. लोखंड उशाशी असलं की वाईट जवळ येत नाही म्हणतात. मी हसायचो असल्या गोष्टींना. परवा तापात ती म्हणाली, माझ्या उशाखाली लोखंड द्या. मी विळा आणला. म्हणाली, विळा नको, ती धाकटी कुऱ्हाड द्या, मी पहिली घासली होती ती. मग दिली. काय करणार होतो मी? वैद्य उंबऱ्याच्या आत येईना. गाठ आहे, हो. मांडीत आहे. पण पेज पोटात राहते आता, शुद्धीत बोलते, सकाळी खरंच बसली होती हो, देवाशप्पथ.

तुमच्या त्या छावणीत नेऊ नका तिला. समोरच्या रंगूबाईंना डोलीत घालून नेलं, परत राखसुद्धा आली नाही घरच्यांना. कोणाच्या हातचं पाणी, कोण शेजारी, काही ठाऊक नाही, आणि हिला तर अंधारात एकटीला झोप येत नाही. मी येऊ का सोबत? येऊ देत नाहीत. ठाऊक आहे मला, विचारून आलोय. काल मी ही मोठी कुऱ्हाड मांडीवर घेऊन दारात बसलो होतो. मनात होतं, येऊ दे कोणी. आणि तुम्ही आलात तर मी घोंगडी टाकली. भिंतभर कुऱ्हाडी आहेत आणि मला त्यातली एक उगारता येत नाही. जन्मात ओली फांदी तोडली नाही मी, फक्त दांडे बसवले.

तुम्ही बाहेर जाऊन सांगाल का, या घरात कोणी नाही म्हणून? एवढंच. एका वाक्याचं काम आहे. — खाली बघताय. कळलं. तुमच्या घरीही माणसं असतील, तुमचीही नोकरी, आणि शेजाऱ्यांना तर ठाऊकच आहे, आज नाही उद्या सांगतीलच कोणी. ती शिट्टी वाजली. आळीत शिरले ते.

मग एक करा. शिपायांच्या आधी तुम्ही जा आत. कशाला आलात ते सांगू नका तिला. म्हणा, कुऱ्हाडी बघायला आलो होतो. म्हणा, पाती छान घासलीयेत. कोणी म्हटलं नाही तिला कधी, जो येतो तो माझंच कौतुक करतो नाहीतर मला हसतो. तिला बरं वाटेल. आणि ती धाकटी उशाखालून काढू नका, डोलीत राहू दे तिच्याजवळ. राहील खुंटी रिकामी.

थांबा, मी आधी हाक मारतो, दचकेल नाहीतर. — अगं, ऐकलंस का. पाहुणे आलेत. कुऱ्हाडी बघायला आलेत. अगं — सुमती — एरवी एका हाकेला ओ देते हो ती.

जा तुम्ही. दार नुसतं लोटलेलं आहे. माझ्यानं नाही यायचं आत.