सुलतानला बाधलेला खरवस

बिबट्याला पळवून लावणारं आमचं मांजर सुईला मात्र भितं, म्हणून त्याला मांडीवर धरून सावेडीतल्या जनावरांच्या डॉक्टरांकडे बसलो होतो. शेजारी अश्विनी नावाची सून, तिचे सासरे नाना, आणि दोघांच्या मधे मान टाकून पडलेला सुलतान नावाचा कुत्रा.

"नाना, सकाळपासून पाचदा हॉलमध्ये पातळ घाण केली त्यानं."

"मी निस्तरली न्हवं?"

"निस्तरली कसली! वर पीठ कशाला टाकलं?"

"गावाकडं आमी राख टाकतो, मंग फावड्यानं भरतो. तुमच्या फ्लॅटात राख कुठं हाय? नाचणीचं पीठ राखेवानीच दिसतं."

"ते तुमच्या शुगरसाठी आणलं होतं!"

"गेलं कुत्र्यापायी. जाऊ दे."

"फरशीला लापशी चिकटलीय, लापशी! अख्खी बाटली फिनेल ओतलं."

डॉक्टर बाहेर आले, त्यांनी सुलतानचं पोट चाचपलं. "काय खाल्लं यानं?"

"गावाहून गाईचा चीक आला होता. काल पातेलंभर खरवस केला आणि भाजीला गेले. येऊन बघते तर पातेलं रिकामं. नाना म्हणाले, सुलताननं खाल्लं."

"सगळं? मग सलाईन लावून दोन दिवस इथंच ठेवावं लागेल."

"दोन दिवस? माझ्याबिगर ह्यो पाणीबी पीत न्हाई, डाक्टर!"

"इलाज नाही, नाना. पातेलंभर खाल्लंय." डॉक्टरांनी सलाईनची सुई हातात घेतली.

"आवो, सुई ठेवा खाली. त्यानं दोनच वड्या खाल्ल्यात."

"आणि बाकीच्या, नाना?" अश्विनीनं विचारलं.

"त्या... पचल्या की."