आबांचं कुरण नेटवर

विद्यापीठाच्या ग्रंथपाल स्वानंदीबाई सातारा स्टँडवर आटपाडीच्या गाडीची वाट बघत पेंगत होत्या. शेजारी बापलेक बोलू लागले.

"सोनम, मेंढरं चारायची आपली गुपित जागा तू शोधनिबंधात लिवलीस?"

"व्हय आबा, नकाशासकट. विद्यापीठाच्या ग्रंथालयानं नेटवर समद्या जगाला फुकाट खुला केलाय."

"आगं, दुष्काळात तेवढंच गवत ऱ्हातंय! काल सपनात गोऱ्या लोकांची मेंढरं चरत हुती तितं. झाक ते!"

"आता न्हाई झाकता येत. नियमच हाय."

स्वानंदीबाईंनी डोळे गच्च मिटून घेतले.

"मग नकाशाखाली लिव, तितं लय लांडगं हायती."

"खोटं कसं लिवू, आबा?"

"समद्या जगाला खुलं हाय न्हवं? लांडगंबी वाचतील, येतील की!"