वेगळी बादली

पुण्याहून शिकून मंगरूळच्या मुलींच्या शाळेत मास्तरीण म्हणून आले, तेव्हा मला वाटलं होतं, पाण्यात तरंगणारं फळ हात न लावता दातांनी उचलायचा विलायती खेळ आमच्या पोरींना काही जमायचा नाही. सफरचंदं कुठली मिळायला? घंगाळात पेरू टाकले. जोडीजोडीनं पोरींना खेळ झकास जमला. जमलं नाही ते शाळेच्या कमिटीतल्या देशमुखकाकूंना. गावकुसाबाहेरची सगुणा पुढे आली, तशी त्यांनी तिच्यासमोर वेगळी बादली ठेवली.

"काकू, हे काय?"

"तिच्या तोंडचं पाणी आमच्या पोरी तोंडात घेतीन काय, बाई?"

"मघापासून एकमेकींचं उष्टं घेतायत, ते चालतं?"

"चालते. ते आपलं उष्टं हाय."

मी वाकून पाहिलं. बादलीत एकच पेरू होता. सगुणा माझ्याकडे बघून म्हणाली, "बाई, एकटीनं कोनासंगं खेळू?"

घरी बाबांनी बजावलं, "कमिटीशी भांडशीन तर नोकरी जाईन."

सकाळी मी ती बादली काकूंच्या ओट्यावर नेऊन ठेवली. म्हटलं, "आज पुन्हा खेळ आहे. घंगाळ एकच. पहिली जोडी सगुणा आणि मी. तुमच्या पोरी आमच्यानंतर."