न भाजायचे साठ गोळे

ठमी: हे काय आहे, बाबा?

बाबा: तुझेच गोळे. मी फक्त भाजले.

ठमी: भाजले.

बाबा: कच्चे होते.

ठमी: ते कच्चेच असतात.

बाबा: साठच्या साठ? भट्टीचे दोन पत्रे भरून फ्रिजमध्ये ठेवलेले दिसले. म्हटलं, पोरगी घाईत बाहेर गेली, भट्टी लावायची विसरली. तेवढाच आपला हातभार.

ठमी: फ्रिजच्या दारावर कागद चिकटवलाय. ‘भाजू नये.’ वीतभर अक्षरांत.

बाबा: वाचला ना.

ठमी: मग?

बाबा: मला वाटलं जाहिरात असेल. हल्ली काय वाट्टेल ते लिहितात. बिनसाखरेचं, बिनअंड्याचं. त्यातलंच काहीतरी गिऱ्हाइकाला बरं वाटावं म्हणून.

ठमी: पाच वाजता तलावावरच्या पोहणं शिकवणाऱ्या बाई येणार आहेत, चव बघायला. आवडलं तर रोज साठ. सरावानंतर मुलांना द्यायला. माझी पहिली ऑर्डर आहे, बाबा. नोकरी सोडून चार महिने झाले, आणि ही पहिली.

बाबा: मग भाजलेले दे की. मुलांना कच्चं खायला घालतेस?

ठमी: तुम्हाला दहा वेळा सांगितलं. हा तुमचाच गाजराचा केक आहे, फक्त भट्टीशिवाय. खजूर, ओट्स, अक्रोड, किसलेलं गाजर, दालचिनी आणि प्रोटीन पावडर. मळायचं, वळायचं, गार करायचं. संपलं.

बाबा: एक्केचाळीस वर्षं मी तो केक पाऊण तास भट्टीत ठेवत आलो. तू म्हणतेस, ठेवायचाच नाही. मग मी इतकी वर्षं काय झक मारत होतो?

ठमी: तो केक होता. हे केकच्या चवीचं खाणं आहे. पावडर भाजली की तिचं रबर होतं. चावून बघा.

बाबा: नको. दात माझे आहेत.

ठमी: मघाशी एक हातातून पडला. फरशीचा टवका उडाला. गोळ्याला काही झालं नाही.

बाबा: टिकाऊ आहेत म्हणायचं.

ठमी: आणि खालून कोळसा झालाय. हा बघा. हाही. किती वेळ ठेवले होते?

बाबा: झाले की काढायचे. वेळ काय बघायचीय त्यात?

ठमी: झाले हे कसं कळलं?

बाबा: कळतं.

ठमी: कळायचं, बाबा. तुम्ही मागे पेपर वाचत बसायचात आणि मधेच उठायचात. ‘झाला’ म्हणायचात, आणि झालेला असायचा. आई घड्याळ बघून सांगायची, आज चार मिनिटं आधी. एकदाही चुकला नाहीत. आज कुठे होतात?

बाबा: इथेच. या स्टुलावर.

ठमी: भट्टीपासून दोन हातांवर.

बाबा: दीड.

ठमी: मला औषधाच्या दुकानापाशी करपल्याचा वास आला. त्या कोपऱ्यावर. समोरचा शिंपी हातातलं काम टाकून नाकाला रुमाल लावून उभा होता. म्हणाला, तुमच्याकडे काहीतरी पेटलंय. मी धावत आले, तर तुम्ही शब्दकोडं सोडवताय.

बाबा: निम्मं झालं होतं.

ठमी: बाबा.

बाबा: एक आडवा शब्द अडलाय.

ठमी: बाबा, तुम्हाला वास आला नाही?

बाबा: सर्दी झालीय.

ठमी: कधीपासून?

बाबा: मागच्या वर्षीपासून.

[भट्टीचं दार उघडल्याचा आणि पुन्हा लागल्याचा आवाज.]

ठमी: म्हणून खालचं बेकरीचं दुकान बंद केलंत.

बाबा: गुडघ्यांमुळे केलं. सगळ्यांना सांगितलंय तसं.

ठमी: तुम्ही रोज भाजीच्या दोन पिशव्या घेऊन तीन जिने चढता.

बाबा: आता बरे आहेत गुडघे. दुकान बंद केल्याचा गुण आला.

ठमी: खरं सांगा.

बाबा: तो ताप आला होता बघ, आठ दिवसांचा. तू तेव्हा नोकरीच्या गावी होतीस. ताप गेला, जाताना हेही घेऊन गेला. पहिल्यांदा मला वाटलं, दालचिनी शिळी आहे. तीन वेळा बदलून आणली. त्या वाण्याला म्हणालो, मसाला विकतोस की जळण? आता त्याच्या दुकानावरून जायचं तर मी पलीकडच्या फुटपाथने जातो.

ठमी: आणि केक?

बाबा: घड्याळ लावायला लागलो. पिठाच्या डब्यामागे लपवून ठेवायचो, कारागिरांना दिसू नये म्हणून. पण ही भट्टी आज एक बोलते, उद्या दुसरं. घड्याळाला तिची भाषा येत नाही. एका बाईने वाढदिवसाचा केक नेला. आतून कच्चा निघाला. दुसऱ्या दिवशी आली आणि हळूच म्हणाली, काही हरकत नाही, होतं असं कधीतरी. भांडली असती तर बरं वाटलं असतं मला. पुढच्या आठवड्यात पाटी उतरवली.

ठमी: मला का नाही सांगितलंत?

बाबा: तू डॉक्टरकडे नेलं असतंस.

ठमी: नेलंच असतं.

बाबा: गेलो होतो. म्हणाला, वास परत येईल किंवा येणार नाही. एवढं तर मलाही माहीत होतं.

ठमी: मला तुमचा राग येत होता. इतके महिने. वाटायचं, कंटाळून टाकून दिलंत सगळं. मी सगळं सोडून इथे आले, ओटा घासला, कपाटं रंगवली, तर तुम्ही खाली पायरीसुद्धा उतरत नव्हता. मला वाटायचं, माझं काम तुम्हाला पोरखेळ वाटतो.

बाबा: पोरखेळ वाटतोच. पण त्यामुळे नाही. मला लाज वाटत होती, ठमे. रोज तू वर येऊन म्हणायचीस, बाबा, चव बघा. मी काय बघणार होतो?

ठमी: तुम्ही म्हणायचात, ठीक आहे.

बाबा: ते सगळ्यालाच लागू पडतं.

ठमी: मग आज भट्टी का लावली? कागद तर वाचला होतात.

बाबा: तू नाहीस बघून खाली आलो. फ्रिज उघडला, एक गोळा खाल्ला. गोड लागला. नुसता गोड. तसं तर खोकल्याचं औषधही लागतं. गाजर दाताला कळलं, जिभेला नाही. म्हटलं, गरम होऊ दे. दालचिनी भट्टीत गेली की भिंतीतूनही यायची पूर्वी. वर घरात पोळी लाटत असलो तरी... असो. वाटलं, थोडा तरी येईल.

ठमी: म्हणून साठच्या साठ?

बाबा: एकाचा वास किती येणार?

[ठमीच्या हुंदक्याचा आवाज.]

बाबा: रडू नकोस. खजुरात पाणी पडेल.

ठमी: खजूर कुठेत इथे? सगळे तुमच्या कोळशात गेले.

बाबा: मागच्या डब्यात आहेत. सकाळी तू ठेवताना पाहिले. किती वाजले?

ठमी: साडेतीन. नाही होणार, बाबा. गाजरं किसायची, खजूर वाटायचे, साठ वळायचे, आणि गार व्हायला अर्धा तास तरी लागतो. मी फोन करून त्यांना उद्या बोलावते.

बाबा: पहिल्याच गिऱ्हाइकाला उद्या? फोन ठेव आधी. किसणी दे इकडे. आणि ती पावडर माझ्या हाती देऊ नकोस, शिंका येतात. तेवढं नाक अजून चालतं.

[गाजरं किसल्याचा, मग खजूर वाटल्याचा आवाज.]

ठमी: थांबा, काटा आणते. प्रत्येक पंचवीस ग्रॅमचा हवा.

बाबा: आण हौसेने. मिश्रण सैल आहे, मूठभर ओट्स घाल.

ठमी: मी मोजून घातलेत. सकाळी बरोबर झालं होतं.

बाबा: हे खजूर सकाळच्यापेक्षा ओले आहेत. हाताला लागतंय. वाटीला कसं कळणार? घाल.

ठमी: घातले.

बाबा: अजून थोडे. हं. आता सुटतंय हाताला. हा घे, ठेव तुझ्या काट्यावर.

ठमी: पंचवीस.

बाबा: हा?

ठमी: पंचवीस. पंचवीस. हा सव्वीस.

बाबा: त्यात अक्रोडाचा मोठा तुकडा आहे. चिरताना लक्ष देत जा.

ठमी: बाबा, तुम्ही दोन हातांनी दोन वळताय.

बाबा: पहाटे सहाशे पाव असायचे. एका हाताने वळत बसलो असतो तर गावाने न्याहारी दुपारी केली असती. तू पत्र्यावर ओळीने लाव. चिकटवू नकोस.

ठमी: आठ झाले. चार वाजून पाच मिनिटं.

बाबा: थांब जरा, पुढचे वळण्याआधी. दालचिनी किती घातलीस?

ठमी: दोन चमचे.

बाबा: बरोबर झालीय?

ठमी: तुम्ही सांगा ना.

बाबा: मी कसं सांगू? तू सांग. असं लांबून नको. पातेल्यात नाक घाल. डोळे मीट, उगाच दिसतं त्याचा वास येतोसा वाटतो. आता सांग, काय काय येतंय?

ठमी: आधी दालचिनी.

बाबा: मग?

ठमी: मग खजूर. गाजराचा थोडासा, मातीसारखा.

बाबा: मग?

ठमी: मग... तुम्ही दुपारी दुकानातून वर यायचात आणि मी दारातच कमरेला मिठी मारायचे, तेव्हा तुमच्या शर्टाला यायचा, तो. पण पूर्ण नाही. त्यात काहीतरी कमी आहे.

बाबा: जायफळ. चिमूटभर घाल.