गवताचे बूट आणि माझा साडू

आणि वर मलाच विचारतो, "गवत नीट भरलं होतंस ना?" गवत. बुटात. मोज्यांच्या जागी. मी चष्म्याच्या दुकानात बसणारा माणूस, दिवसभर लोकांना वरची ओळ वाचा, आता खालची वाचा, असं म्हणणारा, आणि मी बर्फाळ डोंगराच्या मध्यावर उभा आहे, अंगात बकरीचं कातडं, डोक्यावर अस्वलाची टोपी, पाठीवर गवताची चटई, तिला झगा म्हणायचं बरं का, पायातल्या गवताचा भिजून लगदा झालाय, आणि मला प्रश्न काय, तर नीट भरलं होतंस ना. तुम्हाला सांगतो, त्या क्षणी माझ्या हातात तांब्याची कुऱ्हाड होती. ती मी वापरली नाही, आणि याबद्दल आजवर कुणी माझं कौतुक केलेलं नाही.

विचारणारा कोण? साडू. बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. संग्रहालयात मोठा अधिकारी आहे. तिथे तळघरात थंड काचपेटीत एक माणूस निजवलाय, हजारो वर्षांपूर्वी डोंगरावर मेलेला, बर्फात सापडला, अंगावरच्या कपड्यांसकट. सगळे त्याला आजोबा म्हणतात. तर साडूच्या डोक्यात आलं की आजोबांचे कपडे जसेच्या तसे शिवायचे, कुणाच्या तरी अंगावर चढवायचे आणि त्याला त्याच डोंगरावर पाठवायचं, म्हणजे ते कपडे कामाचे होते की नाही ते कळेल. अहो, माणूस मेला ना त्यात? आणखी काय कळायचं राहिलंय?

"थंडीनं नाही मेला," साडू म्हणाला. "पाठीत बाण आहे. मागून मारलाय." कोणी? "ते सांगता येत नाही. पण ओळखीचंच कुणीतरी असावं, इतक्या जवळून मारलाय." मी विचारलं, आजोबांचं लग्न झालं होतं का? म्हणाला, कल्पना नाही. त्यांच्या बायकोला थोरली बहीण होती का? म्हणाला, शास्त्रात असले प्रश्न येत नाहीत. बरं, नसतील येत. तुम्ही बाणाचं तेवढं ध्यानात ठेवा.

आता यात मी कसा सापडलो? तर आजोबा बुटके. साडू ताडमाड. सासूबाईंकडे जेवायला जमलो होतो, हा माणूस ताटावरून उठला, खिशातून टेप काढली आणि हात न धुता, सगळ्यांसमोर, माझं माप घेतलं. खांदा, छाती, मांडी. मग डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "हुबेहूब." सासूबाई म्हणाल्या, "चला, उंचीचा कुठेतरी उपयोग झाला." हसले सगळे. माझी बायकोसुद्धा. तिनं तोंडावर हात धरला होता, पण खांदे हलत होते, आणि नजर तपासणं हाच माझा धंदा आहे, मला दिसतं.

मग हो कशाला म्हणालास, असं विचाराल. विचारा ना. चेहऱ्यासाठी हो म्हणालो. संग्रहालयाच्या दारातच आजोबांचा पुतळा उभा राहणार होता. अंगाचा साचा माझ्या अंगावरून घ्यायचा, आणि चेहरा... आजोबांचा चेहरा पार सुकलाय, तो कसा होता कुणालाच ठाऊक नाही, तर साडू म्हणाला, "जो डोंगर चढेल त्याचा चेहरा." बस्स. लग्न झाल्यापासून त्या घरात थोरले जावई असे आणि थोरले जावई तसे हेच ऐकतोय मी. म्हटलं, दारात माझा चेहरा असेल आणि सासूबाईंना आत जायचं तर मान वर करून माझ्याकडे बघावं लागेल. एवढ्यासाठी मी उघडाबंब उभा राहिलो आणि पुतळा करणाऱ्या मूर्तिकारानं माझ्या अंगभर गार प्लास्टर थापलं. माझ्या पाठीवरची चामखीळसुद्धा साच्यात उतरली म्हणून तो इतका खूश झाला की त्यानं ती चारचौघांना बोलावून दाखवली.

तर निघायच्या दिवशी मी साडूला म्हटलं, आतून साधे मोजे घालतो, कुणाला दिसणार नाहीत. तर म्हणतो, "मोजे होते का त्या काळी?" म्हटलं, निदान आतली चड्डी? "होती का त्या काळी?" लंगोट दिला हो हातात, मेंढीच्या कातड्याचा. आणि विजार म्हणून काय, तर दोन पाय, वेगवेगळे, एकमेकांशी संबंध नसलेले, ते कमरेच्या पट्ट्याला वादीनं बांधायचे. वास विचारू नका. कातडं कमावताना त्याला जनावराचा मेंदू चोळतात म्हणे. म्हटलं, ज्यानं चोळला त्याला स्वतःला तो कमीच पडला असणार. साडूला विनोद कळत नाही. तो म्हणाला, "हे बघ, एक वस्तू बदलली की सगळा प्रयोग बाद. घालायचं तर सगळं घालायचं, नाहीतर काहीच नाही." हे वाक्यही लक्षात ठेवा. मी ठेवलं होतं.

आणि मग त्यानं माझ्या नाकावरचा चष्मा काढला. "चष्मा होता का त्या काळी?" अहो, मला चष्म्याशिवाय स्वतःचा हात कोपरापर्यंत दिसतो, पुढे अंदाज. म्हटलं, त्या काळी ज्यांना दिसत नसेल त्यांनी काय करायचं? म्हणाला, "ते डोंगर चढत नसत." बरोबरच आहे. म्हणजे आजोबांच्या काळातल्या आंधळ्यांना जेवढी अक्कल होती तेवढी मला नव्हती.

माझे कपडे, बूट आणि चष्मा एका पिशवीत घालून पिशवी साडूच्या पाठीवर. शिखर गाठलं की प्रयोग संपला, मग परत मिळणार. बरोबर एक कॅमेरावाली बाई, भली होती बिचारी, तिला साडूनं बजावलं, "काही झालं तरी कॅमेरा बंद करायचा नाही." स्वतः साडू कसा होता? नारिंगी जाकीट, आत पिसं भरलेली. लोकरीचे हातमोजे. आणि पायात गिर्यारोहणाचे परदेशी बूट, कोरे करकरीत. कॉलेज संपताना घेतलेले, चांगल्या प्रसंगाला लागतील म्हणून कपाटात जपून ठेवलेले, डबासुद्धा तोच. गाडीत मला तो डबा हुंगायला लावला. मी काय हुंगणार, माझ्या नाकात मेंढी बसली होती.

चढायला लागलो आणि धुकं आलं. इतरांना धुकं, मला काही फरक नाही. टोपी डोळ्यांवर येतेय, ओल्या कातड्याचा उजवा पाय ताणत ताणत घोट्यापर्यंत आलाय, तो वर ओढावा तर डावा निघाला. आजोबांकडे झाडाच्या सालीच्या डबीत पानांत गुंडाळलेले निखारे असायचे, ते माझ्याकडेही होते, ते पहिल्याच वळणावर विझले. मी थरथर कापतोय, दात वाजताहेत, आणि समोर एक नारिंगी ठिपका थांबला. काहीतरी उघडल्याचा आवाज आला. वास आला. आल्याचा. चहा. मी म्हटलं, साडूबुवा, एक घोट द्या. घोट नको, झाकणातला उरलेला द्या. तर तो माणूस अगदी माझ्या नाकासमोर येऊन, माझ्याकडे तोंड करून शांतपणे पीत होता, पिऊन झाल्यावर ओठ पुसून म्हणाला, "चहा होता का त्या काळी?"

तुम्हाला सांगतो, राग राग म्हणतात तो मला तिथे कळला. तोवर आपण चिडतो, कुरकुरतो, घरी येऊन आदळआपट करतो, ते निराळं. हे पोटात गेलं आणि बसलं. चहापेक्षा गरम होतं. त्या रागावर मी उरलेला डोंगर चढलो, गवताबिवताचं मला काही सांगू नका. मी एकच जप करत होतो, याला नागवा करीन, याला नागवा करीन.

आणि वर पोचलो हो. धुकं फाटलं, ऊन पडलं, कॅमेरावाली म्हणाली, काय देखावा आहे. मला नाही दिसला. साडूनं पिशवी दिली, मी दगडाआड जाऊन स्वतःचे कपडे घातले, बूट घातले, चष्मा लावला, बाहेर आलो आणि मला देखावा दिसला. साडू एका पायावर उभा होता. हातात बुटाचा तळवा.

तळवा सुटला होता. नुसता सुटला नव्हता, शिळ्या केकसारखा चुरा होत होता. वर्षानुवर्षं वापरलेच नाहीत की तळवे आतून कुजतात म्हणे. त्याला हे माहीत नव्हतं, मलाही नव्हतं, पण मला माहीत असायची गरजच नव्हती. दुसऱ्या बुटाचा तळवा आमच्यादेखतच गेला. खाली सगळा बर्फ. माझे बूट त्याच्या पायात अर्धेही जाईनात. मग त्याची नजर दगडावर ठेवलेल्या आजोबांच्या बुटांकडे गेली. ते पिशवीसारखे, थोडं गवत काढलं की कुठलाही पाय मावतो. म्हणाला, "अरे, तेवढे बूट दे."

तेवढे?

मी म्हटलं, "साडूबुवा, एक वस्तू बदलली की प्रयोग बाद. घालायचं तर सगळं." तो हसला. मी नाही हसलो. म्हणाला, "गंमत पुरे." म्हटलं, "गंमत होती का त्या काळी?" मी बूट काखोटीला मारले आणि उतरायला लागलो. तीन ढांगांत हाक आली.

सगळं घातलं त्यानं. कातड्याचे पाय त्याच्या गुडघ्याखाली संपत होते, झगा पोटावर, टोपी टाळूवर. लंगोटाबद्दल म्हणाला, "तो राहू दे ना." म्हटलं, "सगळं." जाकीट मी घेतलं, मला गुडघ्यापर्यंत आलं, काय ऊब होती महाराजा. चष्मा मात्र त्याला नव्हता, नाहीतर तोही काढला असता. मग मी थर्मास उघडला, त्याच्याकडे तोंड केलं आणि सावकाश प्यालो. कॅमेरावालीला म्हटलं, "बाई, काही झालं तरी बंद करायचा नाही, साहेबांचा हुकूम आहे." इतका गोड चहा मी जन्मात प्यालो नाही.

संपलं का? इथे संपायला काय हरकत होती, सांगा.

उद्घाटनाला पहिल्या रांगेत सासूबाई, शेजारी मी, नव्या शर्टात, दाढी दोनदा केलेली. दिवे मालवले, पडद्यावर चित्रफीत. चढतानाचं काहीच नाही. सगळं धुकं, त्यात एक अस्वलाची टोपी. मग एकदम लख्ख ऊन, आणि माझा साडू. कातड्यात, कुडकुडत, बर्फात पाय रोवून उतरतोय. त्याच्या मागे एक बुटका, नारिंगी जाकीट घालून, चहा पिऊन हसतोय. लोक उभे राहिले टाळ्या वाजवायला. इतका मोठा अधिकारी, शास्त्रासाठी स्वतःचे कपडे उतरवून... सासूबाई माझ्याकडे वळून मोठ्यानं म्हणाल्या, "माझ्या जावयाचं जाकीट काढून घेतलंत?" म्हणजे मी जावईसुद्धा राहिलो नाही. बायकोकडे बघितलं, तर ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "भावोजींना नंतर ताप आला होता, ठाऊक आहे ना?"

मग पुतळ्यावरचं कापड ओढलं. चेहरा साडूचा. मी मूर्तिकाराला कोपऱ्यात गाठलं, तो म्हणाला, "मला चित्रफीत दाखवली, जो दिसला त्याचा केला." साडूला गाठलं. म्हटलं, जो चढेल त्याचा, असा शब्द दिला होता तुम्ही. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि तुम्हाला कळलंच असेल काय म्हणाला ते.

आता मी अधूनमधून जातो तिथे, दुकान बंद केल्यावर. पहारेकऱ्याला वाटतं मला इतिहासाची आवड आहे. मी पुढून बघतच नाही, सरळ मागे जातो. आजोबांना होता तसा पुतळ्याच्याही उघड्या पाठीत बाण रोवलाय, चांगला खोलवर, आणि तो साडूच्या पाठीत बघून मला बरं वाटायचं, रात्री झोप लागायची. परवा चष्मा पुसून जरा जवळून बघितलं. बाणाच्या अगदी शेजारी एक चामखीळ आहे. म्हणजे तोंड तेवढं साडूचं. पाठ माझीच आहे.